पुण्याहून गावाला जाणारं दूध

एसटी लागली होती. आईच्या कडेवर चार महिन्यांची मुक्ता झोपली होती, आणि माझे वडील, नाना, एसटीच्या मागच्या चाकाकडे बघत उभे होते. त्या चाकात एवढं काय बघण्यासारखं होतं देव जाणे. मी निघताना नाना कधीच डोळ्यांत बघून बोलत नाहीत. मेडिकलला नंबर लागला तेव्हाही असंच चाकाकडे बघत "सांभाळून ऱ्हा" एवढंच म्हणाले होते. या वेळी मात्र त्यांनी घसा खाकरला आणि आमच्या दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं वाक्य मला म्हणून दाखवलं.

"भांडं स्वच्छ, दूध गार, गाडी येळेवर. येवढं पाळ. बाकी आमी हाय."

दूध कसलं आणि कुणाचं, हे काही ते बोलले नाहीत. बापानं लेकीशी अंगावरच्या दुधाचं बोलायचं? आमच्याकडे तसली रीतच नाही. बाळंतपणात मी मुक्ताला पाजायला बसले की नाना गोठ्यात निघून जायचे आणि दोनदा खोकल्याशिवाय उंबऱ्यात पाय टाकायचे नाहीत. म्हणून त्या सकाळी त्यांनी ते वाक्य म्हटलं, ते मला फार मोठं वाटलं. गाडी हलली आणि मी खिडकीत तोंड लपवून भोकाड पसरलं. शेजारच्या मावशींनी न विचारता मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

माझं गाव नेवासा तालुक्यात, घोडेगावपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरचं सगळं दुधावर. नाना गावच्या दूध संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर बसून आलेल्या प्रत्येक किटलीत नाक घालणार. तीस वर्षांत आपलं नाक एकदाही चुकलं नाही असं ते सांगतात, आणि गावही मान्य करतं. आईच्या हाताखाली आठ गाई. त्यांना दुसऱ्याचा हात चालत नाही, म्हणून माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि आई तशीच शालू खोचून धारेला पळाली होती. अशा घरातली मी पहिली डॉक्टर.

पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी बालरोगाचं एमडी करत होते. दुसरं वर्ष. बाळंतपणाची रजा संपली. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, आणि तिथं बाळ ठेवायला परवानगी नाही. नवरा संदीप, तोही डॉक्टर, गडचिरोलीत सरकारी बॉन्डच्या सक्तीच्या सेवेवर. त्याचे अजून दोन महिने उरलेले. सासूबाई हयात नाहीत. आईला पुण्याला न्यावं तर गाई कोण बघणार? शेवटी ठरलं की दोन महिने मुक्ता आईकडं राहील, संदीप आला की पुण्यात घर घ्यायचं आणि तिला न्यायचं. दोनच महिने. पण नेमके तिचा पाचवा आणि सहावा. आणि माझं रोजचं काम काय, तर वॉर्डातल्या आयांना बजावणं, "सहा महिने फक्त आईचं दूध. पाण्याचा थेंबसुद्धा नको." मग माझ्या लेकीला मी गाईच्या दुधावर टाकू? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! ते मला मरेपर्यंत डाचलं असतं.

तेव्हा सलीमभाईंना विचारलं. सलीमभाई आमच्या गावचे, केंद्राचं दूध टँकरनं पुण्याला पोचवतात. सकाळी पुण्यात दूध उतरवायचं, टँकर धुवायचा आणि दुपारी निघून संध्याकाळच्या दुधाला परत केंद्रावर हजर व्हायचं, हा त्यांचा नेम. येताना टँकर रिकामा. मी म्हटलं, "भाई, केबिनमध्ये एक बर्फाचा डबा आणाल का, एक दिवसाआड?" कसला डबा ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आनीन की, बेटी. माजी अम्मी शेताच्या बांधावर धाकट्याला पाजायची. तुजा बांध जरा लांब हाय, येवढंच."

माझी चुलती मात्र हसून हसून लोळायची बाकी राहिली. "दारात आठ गाई, अन् पुन्याहून दूध आनायचं? डॉक्टरीनबाईला याड लागलंय जनू!"

गावात राहिलेल्या माझ्या बायांनो, तुम्हीही तेव्हा हसलात, मला ठाऊक आहे. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, तुम्हाला पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगते.

पहिल्याच दिवशी राऊंडला उभी होते. कोपऱ्यातल्या कॉटवरचं बाळ भुकेनं रडलं आणि मला पान्हा फुटला. बाळ कुणाचं, अंगाला काय कळतं? सर रक्ताचे रिपोर्ट विचारत होते आणि माझा ॲप्रन पुढून ओला होत होता. केसपेपरची फाइल छातीशी घट्ट धरून मी उत्तरं दिली. बरोबर दिली, हेही सांगते. राऊंड संपल्यावर दूध काढायला जागा शोधली. डॉक्टरांच्या खोलीत चौघे पुरुष बसलेले. बाथरूममध्ये मी जाणार नव्हते. ज्या जागी मी भाकरी खाणार नाही तिथं माझ्या लेकीचं जेवण का काढू? वॉर्डाच्या शिंदे सिस्टरांनी माझं तोंड बघितलं आणि चादरी ठेवायच्या खोलीची किल्ली हातात दिली. कडी मोडकी होती, म्हणून त्या स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणी आलं की म्हणायच्या, "आत डॉक्टर आहेत. कामात आहेत." शब्दन् शब्द खरा होता.

आणि तेव्हा मला आमच्या वॉर्डातल्या आया दिसल्या. म्हणजे रोजच दिसायच्या, पण त्या दिवशी खऱ्या दिसल्या. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांसाठी त्या बिचाऱ्या वाटीत दूध काढत बसायच्या आणि मी जाता जाता म्हणायचे, "दर तीन तासांनी काढा हं, कंटाळा नको." कंटाळा! इतके दिवस या तोंडानं मी हे बोलत होते.

तीन दिवसांत बारा छोट्या बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर मुक्ताचं नाव, तारीख, वेळ. हॉस्टेलच्या फ्रीजरमध्ये गोठवल्या, बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवल्या आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून नगर रोडच्या नाक्यावर गेले. सलीमभाईंनी डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला चक्क सीटबेल्ट लावला. टँकर निघून गेला. आमच्या गावाचं दूध माझ्या जन्माआधीपासून पुण्याला येतंय. पुण्याहून गावाला दूध धाडणारी मीच पहिली, असं मनात आलं आणि माझी छाती फुगली. ती तशीही फुगलेलीच होती म्हणा.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज पडलेला. "बाय, दूध नासलं गं. पातळ झाल्यावर नानांनी वास घेतला अन् म्हनले, हे पोराला द्यायचं न्हाई. मी समदं डाळिंबाच्या बुडाशी वतलं. आईच्या दुधाला मोरी दावू न्हाई म्हनून."

तीन दिवस. चादरींच्या ढिगाऱ्यात बसून थेंबाथेंबानं जमवलेलं.

"पोरगी रडतीय," आई म्हणाली. "तू फ्रीजात ठिवून गेलीस ते सकाळीच सपलं. गाईचं पानी घालून देऊ का? तू सांग, तू डॉक्टर हायस."

मागं मुक्ता रडत होती आणि माझा ॲप्रन पुन्हा ओला. त्या एका क्षणी मी "दे" म्हणणार होते, खोटं कशाला बोलू? पण आधी विचारलं, "नासलं म्हणजे कसं? आंबट? फाटलं होतं?"

"फाटलं न्हाई. आंबट बी न्हाई. वास साबनावानी येत हुता."

साबणासारखा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही बायांच्या दुधात चरबी फोडणारा पाचक रस जरा जास्त असतो. दूध गोठवलं तरी तो आपलं काम करत राहतो आणि दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या बाटलीवर मात्र नाव-तारीख टाकताना आठवलं नव्हतं. आणि नाना! गाईच्या दुधाला असा वास आला तर ते किटली परत पाठवतात. त्यांच्या नाकानं गाईच्या कायद्यानं लेकीचं दूध नापास केलं होतं.

"फोन नानांना दे," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापावर ओरडले. "नाना, मी काय तुमच्या गोठ्यातली गाय हाय का? वास घेऊन ओतून टाकायला? मला विचारायचं तरी!"

त्यांनी फोन परत आईकडं दिला. मग आईच पुन्हा बोलली, हळू आवाजात. "एक बाटली हाय. मी ठिवली लपवून. ह्यांना सांगितलं न्हाई. लेकीचं हुतं, समदं वतवना."

काय म्हणू मी त्या बाईला! मी सांगितलं तशी तिनं बाटली कोमट पाण्यात धरली आणि बोंडल्यानं, म्हणजे लहानग्यांना पाजायच्या त्या चोचीच्या वाटीनं, मुक्ताला पाजलं. फोन स्पीकरवर होता. पहिला घोट मुक्तानं थुंकला. दुसराही. मग आई तिला म्हणाली, "पी गं बया, लांबून आलंय." आणि मग मला गिळल्याचा आवाज ऐकू आला. निम्मं प्यायली. पुढच्या पाजणीला उरलेलं. तेवढ्यावर आणि अंगाई-थापट्यांवर आईनं वेळ मारून नेली आणि मी पहाटेच्या एसटीनं रात्रभर जागून काढलेल्या चार ताज्या बाटल्या कंडक्टरच्या हातापाया पडून धाडल्या.

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. नाना. हा माणूस स्वतःहून कधीच फोन करत नाही. मी राऊंड सोडून जिन्यात गेले.

"बोलू का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "तू म्हनतीस खराब न्हाई, तर न्हाई. माजं चुकलं. पन वास येतोय तर पोर पोटभर पिनार न्हाई. मग तू काडलं की लगीच तापव. उकळू न्हाई. कडंला बारीक बुडबुडे आले की उतरव, अन् भांडं बर्फाच्या पान्यात बसव. झटक्यात गार झालं पायजे. मग गोठव. वास येनार न्हाई." शेवटी हळूच, "तुज्या त्या... पार्सलचं म्हनतोय मी."

पार्सल! दिवसातून शंभर वेळा दूध म्हणणारा माणूस, पण हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

मी आमच्या मॅडमना विचारलं. त्या या विषयातल्या जाणकार. त्यांनी डोळे विस्फारले. "अगदी बरोबर. असंच करतात. कुणी सांगितलं तुला हे? कुठले डॉक्टर?"

"नेवाशाचे," मी म्हटलं. "तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे."

तेव्हापासून हॉस्टेलच्या छोट्या शेगडीवर माझं दूध-केंद्र सुरू झालं. भांडं स्वच्छ, दूध गार, गाडी वेळेवर. पुढच्या डब्याला वास आला नाही. मुक्ता बोंडलं चाटूनपुसून पिऊ लागली. सलीमभाई म्हणायचे, "टँकरात हजारो लिटर असतंय बेटी, पन मला घोर तुज्या डब्याचाच."

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पाचवा महिना संपता संपता वॉर्डात साथ आली. दोन रेसिडेंट डॉक्टर आजारी, आम्ही उरलेले दुप्पट ड्युटीवर. दर तीन तासांचं काढणं सहा तासांवर गेलं, एकदा दहावर. छातीत गाठ धरली, ताप चढला. औषध घेतलं आणि उभी राहिले. पण दूध कमी झालं. ज्या बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या त्या तळाशीच थांबायला लागल्या. आमच्याकडं गाय भाकड झाली की तिला घोडेगावचा बाजार दाखवतात. मला रोज तोच बाजार डोळ्यांपुढं दिसायचा. एके दिवशी डब्यात तीनच बाटल्या होत्या. वर चिठ्ठी लिहिली: "आई, एवढंच निघालं. माफ कर. पुढच्या खेपेला नाही जमलं तर गाईचं सुरू कर."

त्या संध्याकाळी पुन्हा नानांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चिठ्ठी वाचली. कमी झालं म्हंजी आटलं न्हवं. धार चुकली की कमी होतं, धार धरली की येतं. तीस वर्सं लोकांना हेच सांगतोय. येळ चुकवू नको. साहेबाला सांग. न्हाई ऐकलं तर मी येतो सांगायला."

या खेपेला मी गाय आहे का म्हणून भांडले नाही. दुसऱ्या दिवशी चीफ रेसिडेंटपुढं उभी राहिले. "सर, दर तीन तासांनी मला वीस मिनिटं लागतील. पेशंट अर्ध्यावर टाकून जाणार नाही. तुम्ही चहाला जाता तेव्हा मी जाईन. पण जाणार." ते कुरकुरले. "सगळ्यांनी असं सुरू केलं तर?" मी म्हटलं, "सगळ्यांनी करायलाच पाहिजे सर, आपण भिंतीवर स्तनपानाचं पोस्टर लावलंय तसं." मागून शिंदे सिस्टर खोकल्या. पाच दिवसांत दूध परत आलं. चादरींच्या खोलीला नवी कडी लागली, एक खुर्ची आली, पडदा आला. आता त्या खोलीत माझ्या नंतरच्या रेसिडेंट बसतात, आणि वॉर्डातल्या आयाही. दारावर कुणी पाटी लावलेली नाही, पण सगळे तिला केंद्र म्हणतात. हे नाव मीच दिलेलं.

मुक्ताला सहा महिने पुरे व्हायच्या दिवशी मी रजा काढली. तिला आणायला जायचं होतं. एसटीनं जाता आलं असतं, पण शेवटचा डबा मांडीवर घेऊन मी सलीमभाईंच्या केबिनमध्येच बसले. संध्याकाळी टँकर केंद्रावर पोचला तेव्हा दुधाची रांग ऐन भरात होती. किटल्या, कॅन, मोटारसायकली. आता हे समजून घ्या, की आमच्या केंद्रावर रांग म्हणजे रांग. सरपंचाची किटली मधे घुसली तर नाना ती उचलून शेवटी नेऊन ठेवतात. सख्ख्या भावालाही सोडलेलं नाही.

सलीमभाईंनी डबा खिडकीतून खाली दिला. मी केबिनमध्ये आहे हे नानांना ठाऊक नव्हतं. काटा सोडून ते उठले, दोन्ही हातांनी डबा घेतला आणि घराकडं निघाले. रांगेतला एक तरणा गडी, बाहेरून नुकताच गावात येऊन गोठा टाकलेला, वैतागून म्हणाला, "सचिव, ह्ये रोजचंच झालंय. आमी ताटकळायचं अन् तुमी काम टाकून डबा घेऊन पळायचं. कोनाचा येवढा लाडाचा माल हाय ह्यो?"

नाना थांबले. मला वाटलं, आता म्हणतील पार्सल आहे. त्यांनी मान वळवली आणि त्या गड्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"माज्या लेकीचं दूध हाय," ते म्हणाले, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "पुन्यात लोकांची लेकरं वाचवती, अन् तितनं तिच्या लेकराला दूध धाडती. दोन महिनं झालं, एक खेप चुकली न्हाई. ह्या केंद्रावर पयला नंबर तिचा. कोनाचं काय म्हननं हाय?"

त्या गड्यानं आपली किटली बाजूला सरकवून वाट दिली. सलीमभाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून नाक ओढत होते. मी खाली उतरले. नानांनी मला बघितलं आणि त्यांची नजर लगेच टँकरच्या चाकाकडं गेली. पण हातातला डबा त्यांनी मला दिला नाही. स्वतःच घरापर्यंत नेला, आणि उंबऱ्यात न खोकता आत गेले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी आता पुण्यातच नोकरी करते. दोन खोल्यांचं घर आहे, संदीप आहे, मुक्ता बालवाडीत जाते आणि पिशवीतलं दूध पिताना नाक मुरडते. तिचं नाक आजोबांवर गेलंय. गावाकडं आम्ही वर्षातून तीन-चारदा जातो, पाहुण्यांसारखे. पोहे खातो आणि निघतो. माझी जुनी खोली आता पेंडीच्या पोत्यांनी भरली आहे, त्याचं मला काही वाटत नाही. घर कुठं असं कुणी विचारलं की मला खोली आठवतच नाही. मला ती रांग आठवते, आणि त्या रांगेतली ती वाट. जिथं माझ्या दुधाला पहिला नंबर मिळाला, ते माझं घर. पुण्यात कितीही वर्षं काढली तरी त्यात फरक पडायचा नाही.

परवा नानांचा फोन आला होता. सलीमभाईंची लेक शबाना पुण्यात नर्स आहे, तिचं बाळ तीन महिन्यांचं, ते गावी सलीमभाईंकडं राहणार, आणि पुढच्या आठवड्यापासून ती कामावर रुजू होतेय. माझा तो डबा नानांनी माळ्यावरून काढून, घासून, उन्हात वाळवून तिच्याकडं धाडलाय.

"तिला फोन कर," नाना म्हणाले. "कडंला बुडबुडे आले की उतरव म्हनावं. लाजू नको म्हनावं. अन् केंद्रावर मी सांगून ठिवलंय, शबानाच्या दुधाला बी पयला नंबर."